कशाचे टक्के, ते आधी विचारा

ज्यांच्या घरी सहावी ते आठवीत शिकणारं मूल आहे, अशा आई-बाबांना आणि आजी-आजोबांना माझी एक विनंती आहे. मुलाला टक्के काढायला शिकवाल तेव्हा सूत्र सगळ्यात शेवटी सांगा. आधी त्याला एक प्रश्न विचारायची सवय लावा : हे टक्के कशाचे आहेत?

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात शेकडेवारी येते, तिच्या मागोमाग नफा-तोटा आणि बँकेचं सरळव्याज येतं. आठवीत सूट, कमिशन आणि चक्रवाढ व्याज, नववीत आयकर, दहावीत जीएसटी आणि शेअर्स. पाच वर्षं एकच कल्पना वेगवेगळ्या नावांनी मुलांपुढे येत राहते. जे मूल सहावीत नुसतं सूत्र पाठ करतं, त्याला प्रत्येक वर्षी नवं सूत्र पाठ करावं लागतं. ज्याला सहावीतच कल्पना कळली, त्याला पुढे फारसं काही नवं शिकावंच लागत नाही.

फळ्यावर लिहिलं, ‘४५० चे ८ टक्के किती?’, की वर्गातली बहुतेक मुलं ४५० गुणिले ८ भागिले १०० करतात आणि ३६ हे उत्तर काढतात. उत्तर बरोबर असतं. पण एखाद्याने शून्य खाल्लं नाही आणि ३६० लिहिलं, तर त्याला काही खटकत नाही. ४५० पैकी ३६० म्हणजे जवळजवळ सगळेच गेले, आणि आपण तर शंभरातले आठच काढत होतो, हे त्याच्या मनात येत नाही. इथे गुणाकार आला, अर्थ आला नाही.

म्हणून मी मुलांना आधी पेन्सिल खाली ठेवायला सांगते. शंभराला आठ. मग दोनशेला किती? सोळा. चारशेला? बत्तीस. आणि पन्नासाला? शंभराच्या निम्मे, म्हणजे चार. बत्तीस आणि चार, छत्तीस. एवढं तोंडी झालं की मूल स्वतःहून म्हणतं, “बाई, हे सोपं आहे.” ‘शंभराला इतके, तर इतक्याला किती?’ हे आपलं जुनं त्रैराशिक आहे आणि शेकडेवारी त्याहून वेगळी नाही. सूत्रातला तो भागिले शंभर कुठून आला, हे अशा तोंडी हिशेबातूनच कळतं.

दुसरी पायरी दहा टक्क्यांची. दहा टक्के म्हणजे दहावा भाग, दशांशचिन्ह एक घर डावीकडे. ६५० चे ६५. एक टक्का म्हणजे दोन घरं, साडेसहा. हे दोन आकडे हाताशी असले की बाकीचे सगळे त्यातून निघतात. पाच टक्के हवेत, तर दहाचे निम्मे करा. पंधरा हवेत, तर दहा आणि पाच मिळवा. अठरा टक्के हवेत, तर वीस टक्के काढून दोन टक्के वजा करा : १३० मधून १३ गेले, ११७ राहिले. मूल हे चालता-चालता करू शकतं, आणि करायलाच हवं. कॅल्क्युलेटरला माझा विरोध नाही, पण ज्याला उत्तराचा अंदाज आधी येतो, त्याच्याच हातात तो द्यावा.

इथे आजी-आजोबांची गरज आहे. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकली असेल. ते पाढे आता अभ्यासक्रमात नाहीत, पण पंचवीस टक्के म्हणजे पावकी, पन्नास म्हणजे निमकी आणि पंचाहत्तर म्हणजे पाऊणकी. साडेबारा टक्के म्हणजे पावाचं निम्मं, आठवा भाग. दर पंचवीस टक्क्यांनी वाढला म्हणजे सव्वापट झाला. नातवंडांजवळ बसून हे एकदा म्हणून दाखवा. तुम्हाला जे तोंडपाठ आहे ते त्यांच्या पुस्तकातल्या अपूर्णांकांना आणि टक्क्यांना जोडून देणारा दुवा आहे, आणि तो पुस्तकात सापडणार नाही.

एक छोटी युक्तीही सांगा, मुलांना ती फार आवडते. २५ चे १६ टक्के किती? पटकन येत नाही. उलटं करा : १६ चे २५ टक्के, म्हणजे सोळाची पावकी, चार. दोन्हींचं उत्तर एकच, कारण दोन्हीकडे १६ आणि २५ यांचाच गुणाकार करून शंभराने भागायचं असतं. ५० चे ३६ टक्के म्हणजे ३६ चे निम्मे, १८. ही युक्ती ‘का चालते’ हे मात्र मुलाकडूनच वदवून घ्या.

आता ‘कशाचे?’ या प्रश्नाकडे येते. मुलांच्या आणि मोठ्यांच्याही बहुतेक चुका गुणाकारात होत नाहीत. त्या इथे होतात.

दुकानाबाहेर पाटी असते : ५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के सूट. सातवीतल्या मुलाला विचारा, एकूण किती सूट? ‘७० टक्के’ हे उत्तर ठरलेलं. २,००० रुपयांचा शर्ट घ्या. पन्नास टक्के गेले, राहिले १,०००. आता पुढची वीस टक्के सूट दोन हजारांवर मिळणार नाही, या हजारावर मिळेल, म्हणजे २०० रुपये. शर्ट पडला ८०० रुपयांना. एकूण सूट ६० टक्के. सत्तर टक्के असती तर शर्ट ६०० ला मिळाला असता. दुकानदाराने खोटं काही सांगितलेलं नाही. दुसरे टक्के कशाचे, हे आपण विचारलं नाही.

सोनाराच्या दुकानातला हिशेब तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकदा कागदावर मांडावा. हिशेबाला सोपं जावं म्हणून धरू की दागिन्यातल्या सोन्याची किंमत १,००,००० रुपये आहे आणि घडणावळ १२ टक्के. घडणावळ झाली १२,०००. बेरीज १,१२,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी, ३,३६० रुपये. दागिना पडला १,१५,३६० रुपयांना. जाहिरात असते ‘घडणावळीवर २५ टक्के सूट’. वाचताना डोळ्यांत भरतो तो २५ चा आकडा. पण ही सूट बारा हजारांवर आहे, लाखावर नाही. वाचतात ३,००० रुपये आणि त्यावरचा थोडासा कर, म्हणजे लाखाला जेमतेम तीन टक्के. सूट वाईट नाही, ती घ्यावीच. फक्त किती मिळाली, ते दुकानातून बाहेर पडण्याआधी कळलेलं असावं. त्याच बिलावर २२ कॅरेटसाठी ९१६ हा हॉलमार्कचा आकडा असतो. तोही टक्केच सांगतो : हजारात ९१६ भाग सोनं, म्हणजे ९१.६ टक्के. चोविसातले बावीस भाग काढून पाहा, मुलाला स्वतःलाच पडताळा येईल.

कर आधीच मिळवलेला असेल, तर हिशेब उलट्या दिशेने करावा लागतो आणि तिथे हमखास घसरायला होतं. १८ टक्के जीएसटी धरून एखादी वस्तू १,१८० रुपयांना मिळाली. त्यात कर किती? मूल १,१८० चे १८ टक्के काढतं आणि २१२ रुपये ४० पैसे लिहितं. पण कर मूळ किमतीवर लागलेला आहे. मूळ शंभर असतील, तर ग्राहक ११८ देतो. ११८ त १८ कर, तर १,१८० त १८० कर. मूळ किंमत १,००० रुपये. पुन्हा तेच त्रैराशिक, फक्त सुरुवात शंभराऐवजी ११८ पासून. मुलांना मी सांगते, प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा वहीत लिहा : ‘१०० टक्के =’ आणि पुढे ती वस्तू किंवा रक्कम. एवढी एक ओळ लिहिली, की अर्ध्याहून जास्त चुका आपोआप थांबतात. ‘६० चे १५ टक्के किती’, ‘१५ हे ६० च्या किती टक्के’ आणि ‘कोणत्या संख्येचे ६० टक्के म्हणजे १५’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. उत्तरं अनुक्रमे ९, २५ टक्के आणि २५. आकडे तेच असल्यामुळे मुलं तिन्हींत गोंधळतात, आणि ती एक ओळ या तिन्हींना वेगळं करते.

भाव वर जातात आणि खाली येतात तेव्हाही हाच प्रश्न विचारावा लागतो. समजा, कांदा क्विंटलला २,००० वरून ३,००० वर गेला. वाढ ५० टक्के. मग तो परत २,००० वर आला. घट ३३ टक्क्यांहून थोडी जास्त, कारण आता हजार रुपये तीन हजारांतून गेले. बातमीत आधी ‘५० टक्क्यांनी वाढ’ आणि नंतर ‘३३ टक्क्यांनी घट’ वाचणाऱ्याला वाटतं, शेतकऱ्याच्या हातात अजून १७ टक्के जास्त आहेत. प्रत्यक्षात तो जिथे होता तिथेच आहे. महागाईचा दर सहावरून चार टक्क्यांवर आला, याचाही अर्थ वस्तू स्वस्त झाल्या असा होत नाही. भाव वाढतच आहेत, फक्त वाढण्याचा वेग कमी झाला आहे.

शेतकरी घरांतल्या मुलांना तर शेकडेवारी दारातच भेटते, आणि तरी पुस्तकात त्यांना कुठल्यातरी दुकानदाराचे काल्पनिक नफे-तोटे सोडवावे लागतात. त्यांना त्यांच्या घरचे आकडे द्या. गाईच्या दुधाला ३.५ फॅट लागली, म्हणजे १०० किलो दुधात साडेतीन किलो स्निग्धांश. मग आपल्या २० किलो दुधात किती? ७०० ग्रॅम. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली, म्हणजे प्रमाण उत्पन्न शंभर पैसे धरलं तर यंदाचं पीक त्याच्या निम्म्याहून कमी. उसाचा साखर उतारा १०.२५ टक्के, म्हणजे एक टन उसातून १०२.५ किलो साखर.

उसाचं उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली आणि उताऱ्यात त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. आठवीतलं मूल ०.१ टक्का वाढ म्हटल्यावर ३५५ चा ०.१ टक्का काढेल, म्हणजे जेमतेम ३६ पैसे. पण वाढ पैशांच्या टक्क्यात झालेली नाही, उसातल्या साखरेच्या टक्क्यात झाली आहे. उतारा १०.२५ वरून ११.२५ वर गेला, तर ०.१ च्या दहा पायऱ्या झाल्या, क्विंटलमागे ३४ रुपये ६० पैसे आणि टनामागे ३४६ रुपये. ज्या घरात शे-दोनशे टन ऊस जातो, तिथे हा हिशेब मुलाला येणं ही चैन नव्हे. कारखान्याचा उतारा किती लागला, हे मुलाने बाबांना विचारावं आणि बाबांनी त्याच्याबरोबर बसून पट्टीतला दर पडताळावा.

नोकरदारांच्या घरात हेच महागाई भत्त्याच्या बाबतीत होतं. भत्ता ५५ वरून ५८ टक्के झाला की ‘पगार तीन टक्क्यांनी वाढला’ असं म्हटलं जातं. ते तीन टक्के मूळ वेतनाचे आहेत, हातात येणाऱ्या पगाराचे नाहीत.

सगळ्यात जास्त कळकळ मला कर्जाच्या हिशेबाबद्दल आहे, कारण तिथल्या चुकीची किंमत मार्कांत मोजली जात नाही. गावात आणि शहराच्या वस्त्यांतही लोक म्हणतात, “तीन टक्क्यांनी पैसे उचलले.” बँकेचा दर बारा टक्के ऐकलेला माणूस मनाशी म्हणतो, तीन म्हणजे स्वस्तच की. पण हे तीन टक्के महिन्याचे असतात. ५०,००० रुपये घेतले, तर महिन्याला १,५०० रुपये व्याज, वर्षाला १८,०००. म्हणजे दरसाल दरशेकडा ३६. नुसतं व्याज भरत राहिलं, तर चौतीस महिन्यांत मुद्दलाहून जास्त पैसे सावकाराकडे जातात आणि मुद्दल जागेवरच राहतं. क्रेडिट कार्डाची रक्कम थकवली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, तिथेही हाच हिशेब आहे. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे आणि परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, हे माहीत असावंच. पण कायद्याकडे जाण्याआधी ‘महिन्याचे की वर्षाचे?’ हा प्रश्न तोंडातून निघायला हवा.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त व्याजाची उदाहरणं पंचराशिकात घातली. तिथे मुद्दल आणि व्याज यांच्या बरोबरीने मुदत ही राशी म्हणून मांडावीच लागते, ती विसरून गणित सुटत नाही. त्यांच्या एका उदाहरणात शंभराला महिन्याला पाच असा व्याजाचा दर आहे आणि सोळावर वर्षाचं व्याज विचारलं आहे. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ, आणि सोळाचे साठ टक्के म्हणजे ९.६. याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. आठशे वर्षांपूर्वी ज्या जागी हे गणित शिकवण्याची व्यवस्था झाली, ती जागा मुलांना एकदा दाखवून आणा.

दुसरा फसवा शब्द ‘फ्लॅट’ व्याज. १ लाख रुपये, तीन वर्षं, १० टक्के फ्लॅट. व्याज ३०,००० आणि ३६ हप्ते, प्रत्येकी ३,६११ रुपयांच्या आसपास. ऐकायला दहा टक्के. पण प्रत्येक हप्त्यात मुद्दल थोडं-थोडं परत जात असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर मोजलेलं असतं. तीन वर्षांची सरासरी काढली, तर आपल्या हातात लाखाच्या निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम होती. कमी होत जाणाऱ्या मुद्दलावर मोजला, तर हाच दर अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. कर्ज घेताना सरळ विचारा : हा दर मूळ रकमेवर आहे की घटत्या शिलकीवर? उत्तर कागदावर लिहून मागा.

मार्कांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण घरात टक्के हा शब्द सगळ्यात जास्त तिथेच वापरला जातो. मुलाला २० पैकी १८ मिळाले, म्हणजे ९० टक्के, आणि ८० पैकी ४० मिळाले, म्हणजे ५० टक्के. एकूण किती? नव्वद आणि पन्नासची सरासरी काढून ७० म्हणणारी मुलं पुष्कळ आहेत, पालकही आहेत. मार्क शंभरात ५८ आहेत, म्हणून टक्के ५८. वेगवेगळ्या आकारांच्या गोष्टींचे टक्के थेट मिळवता येत नाहीत. आणि पुढे सीईटीच्या निकालावर दिसणारं ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी ९० टक्के मुलं तुमच्या मुलाच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढंच ते सांगतं. पेपरात त्याला किती मार्क पडले, हे त्यातून कळत नाही.

शिक्षक मित्र-मैत्रिणींनाही एक सांगणं आहे. स्वाध्यायातली वीस उदाहरणं एकाच साच्याची असतील, तर त्यातली दहा सोडा. त्या वेळात मुलांना घरून एक खरा कागद आणायला सांगा : किराणाचं बिल, दूध डेअरीची पावती, औषधांचं बिल, एसटीच्या सवलतीचं तिकीट. ज्येष्ठांना ५० टक्के सवलत असेल, तर पूर्ण भाडं किती, हा उलटा प्रश्न तिकिटावरूनच विचारता येतो.

आणि पालकांना शेवटची विनंती. या महिन्याचं विजेचं बिल आलं की ते भरण्याआधी मुलाच्या हातात द्या. महावितरणच्या घरगुती बिलावर वीज शुल्काच्या ओळीत १६ टक्के लिहिलेलं असतं. हे १६ टक्के वरच्या कोणकोणत्या आकड्यांच्या बेरजेवर लावले आहेत, ते त्याला शोधू द्या. बिलावर लवकर भरल्यास किती आणि मुदतीनंतर भरल्यास किती, अशा वेगळ्या रकमाही छापलेल्या असतात. त्यांतला फरक किती टक्के, तेही त्यालाच काढू द्या. उत्तर लगेच सांगू नका, त्याला वेळ लागला तर लागू द्या. त्याचा हिशेब छापील आकड्याशी जुळला की मगच बिल भरा.